'माझे विद्यापीठ' आणि निवाऱ्याचा प्रश्न

नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहाची चर्चा करताना फुटपाथाने कवी घडविला, असे सर्रास म्हटले जाते. हे वाचन आम्हांस अपुरे वाटते.

कवीचे चरित्र वेगळी साक्ष देते. १९२६ च्या सुमारास रस्त्यावर टाकलेले अर्भक गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी उचलले, काशीबाईंनी वाढविले. या दांपत्याने त्यास घर, नाव आणि शाळा दिली. पुढे गंगाराम निवृत्त होऊन गावी परतले आणि मूल पुन्हा उघड्यावर आले. अनेक कष्टांनंतर १९६१ साली सुर्वे नायगाव क्रमांक १ च्या शाळेत शिक्षक झाले. म्हणजे कवीस घडविले ते माणसांनी आणि शाळेने. रस्त्याने केवळ सोसावयास लावले. त्याच रस्त्यावर जे संपले, त्यांची कविता लिहिलीच गेली नाही.

१९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भिक्षेकऱ्यास पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षे डांबण्याची तरतूद केली. उपजीविकेचे साधन न दिसता सार्वजनिक जागी वावरणाराही या व्याख्येत सापडू शकतो. समाजकार्याने या कोंडवाड्याचा पहारा करावयाचा, की गंगाराम-काशीबाईंचा वारसा चालवावयाचा?

'महावग्गा'त भगवंतांनी मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूस स्वतः स्नान घातले आणि ज्यांना आईबाप जवळ नाहीत, त्यांनी परस्परांस सांभाळावे, अशी शिकवण संघास दिली. सुर्वे यांची कविता आम्ही याच प्रकाशात वाचतो. फुटपाथाचा गौरव पुरे. आता निवाऱ्याचा हक्क मागितला पाहिजे.