नोबडीची भाषा कुणाला कळते?



जिम जारमुशचा 'डेड मॅन' १९९५ सालचा. काळा-पांढरा. म्हणायला वेस्टर्न, पण वेस्टर्नची सगळी मस्ती उतरवलेला. घोडे आहेत, बंदुका आहेत, मर्दुमकी तेवढी नाही. क्लीव्हलँडचा हिशेबनीस विल्यम ब्लेक नोकरीसाठी मशीन नावाच्या गावी निघतो. वाटेत आगगाडीच्या खिडकीतून गोरे रानगवे मारतात. ही पडद्यावरची थाप नाही. १८७० च्या दशकात अमेरिकेत गव्यांचे कळपच्या कळप कातड्यासाठी, मौजेसाठी मारले गेले. गवा संपला की मैदानी जमातींचं अन्न, वस्त्र, तंबू सगळंच संपतं, हे लष्करी अधिकारी चांगलं ओळखून होते.

छातीत गोळी घेऊन पळणाऱ्या ब्लेकला नोबडी भेटतो. आईबाप दोन वैरी जमातींचे, म्हणून दोघांनाही नकोसा. पोरवयात सैनिकांनी पकडला, पिंजऱ्यात घालून शहराशहरांत दाखवला, इंग्लंडला नेला. तिथं तो शिकला, ब्लेक नावाच्या कवीच्या कविता वाचल्या. परत आला तर आपलेच लोक म्हणाले, खोटारडा! मग त्यानं स्वतःला नोबडी म्हणवून घेतलं. नोबडी म्हणजे कुणीच नाही.

आता बघणाऱ्यांचं बघू. रॉजर इबर्टसारख्या नामांकित समीक्षकानं चारपैकी दीड तारा दिला. पिक्चर फारसा चालला नाही. पुष्कळांना तो संथ वाटला, अर्थ लागेना. उलट जोनाथन रोझेनबॉम या समीक्षकानं २००० साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

पण खरी गोम वेगळीच आहे. क्री आणि ब्लॅकफूट भाषेतल्या संवादांखाली जारमुशनं मुद्दाम भाषांतर दिलं नाही. त्यातले विनोद त्या लोकांसाठीच ठेवले. वेस्टर्नमध्ये आजवर 'इंडियन' फक्त ओरडायचा आणि मरायचा. इथं तो बोलतो, आणि ज्याला कळत नाही तो गोरा प्रेक्षक बाहेर ताटकळतो. बसू दे की थोडा वेळ बाहेर! १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही कैक शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारावे लागले होते. तेंडुलकरांनी निदान विचारले. बाकीच्यांनी 'कळत नाही' म्हणजेच 'साहित्य नाही' असा निकाल ठोकला. न कळणं हा दर वेळी लिहिणाऱ्याचाच दोष कसा?

तरी टाळ्या वाजवून उठू नका. नोबडी पिक्चरभर राबतो कुणासाठी? मरणाऱ्या गोऱ्याला होडीत घालून पैलतीराला लावण्यासाठी. आणि स्वतः किनाऱ्यावर गोळी खाऊन मरतो. त्याच्यासाठी होडी नाही, रडायला माणूस नाही. दिग्दर्शकाची नियत साफ आहे, नजरही साफ आहे. पण कहाणीचा मालक अजून गोराच आहे.

नोबडी झालेला गॅरी फार्मर स्वतः कायुगा जमातीचा. १९९८ साली तो 'स्मोक सिग्नल्स'मध्ये आला. तो पिक्चर लिहिला शर्मन अलेक्सीनं, दिग्दर्शन केलं ख्रिस आयरनं, दोघेही मूलनिवासी. त्यातही फार्मरचं पात्र मरतं. पण तिथं त्याला नाव आहे, आर्नल्ड जोसेफ. आणि त्याची राख आणायला त्याचा पोरगा जातो.

दोन्ही पिक्चर बघा. एकामागून एक बघा.