नाथांच्या भारुडातले पैठण

आमच्या देवगाव रंगारीच्या नावातच एक धंदा जाऊन बसला आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण कुठल्याही गावाचा इतिहास हाती आला की मी आधी त्यात रंगारी, कोष्टी, तेली शोधू लागतो, आणि बहुधा निराश होतो. आपल्याच जिल्ह्यातले गोदाकाठचे पैठण घ्या. सातवाहनांची राजधानी, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलेली पेठ, तिथून गाड्यांवर लादून भडोचला जाणारे अकीकासारखे खडे. अभ्यासकांनी हे सारे कष्टाने जमवले. पण त्या गाड्या हाकणारा बोलत कसा असेल, हे त्यातून कळत नाही.

माणसांचे असले बोलणे ऐकायचे तर बऱ्याच पुढच्या काळात, एकनाथांच्या भारुडांपाशी यावे लागते. आमचे टीकाकार भारुड हाती घेतात ते नारळ फोडल्यासारखे: सोंगाची करवंटी फेकायची आणि वेदान्ताचे खोबरे तेवढे काढून घ्यायचे. मला ती करवंटीच मोलाची वाटते. जोशी, वासुदेव, गोंधळी, महार, विंचू चावल्याने कळवळणारा कुणी—ही घाटावर नि बाजारात भेटणारी माणसे. ‘हिंदु-तुर्क संवाद’ पाहा. दोघे एकमेकांना यथेच्छ टोचतात आणि अखेर मिटवून घेतात. निजामशाहीतल्या पैठणात हा वाद नाथांनी नुसत्या कल्पनेने रचला, असे मला वाटत नाही. टोमणे कानावर पडलेले दिसतात. ‘अर्जदस्त’, ‘ताकीदपत्र’, ‘अभयपत्र’ यांत तर कचेरीतली फारसी वळणाची भाषा थेट देवापुढे उभी राहते. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि एका पैची चूक शोधीत नाथ रात्रभर हिशेबाला बसले, ही आख्यायिका तर घरोघर ठाऊक आहे. भारुडांना दप्तराचा वास आहे तो उगीच नव्हे.

एक उणीव मात्र लपवू नये. ‘जोहार’ महाराच्या तोंडी असला तरी लेखणी नाथांची आहे. चोखोबांच्या जोहारात वाकणारा माणूस स्वतः बोलतो. इथे त्याच्या वतीने दुसरा बोलतो. वाळवंटात पोळणारे महाराचे पोर नाथांनी कडेवर घेतले, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्या पोराला काय सांगायचे होते, ते कुणी लिहून ठेवले नाही. नाथांविषयीचा आदर तिळभरही कमी न करता एवढे म्हणावेच लागते. आणि आमचा रंगारी? या दिवाळीत घरातली पैठणी घडीतून निघेल, तेव्हा आठवा की तिचे रेशीम मागावर चढण्याआधी कुणीतरी रंगवलेले असते. तो हात माझ्या वाचनातल्या एकाही भारुडात आलेला नाही.

१९७६ साली जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले आणि पैठणच्या वरच्या अंगाला गोदेचा नाथसागर बनला. नाथषष्ठीच्या दिंड्या मात्र फाल्गुनात येतातच, आणि भारुडकार जुन्या सोंगात हुंडा, दारू असले आजचे विषय बेलाशक घालतात. शुद्ध पाठाचे आग्रही त्यावर नाक मुरडतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करून तिच्यात एक ओवीही घालू नका म्हणणारे नाथच होते, आणि भारुडाला मात्र त्यांनी असे कुलूप लावले नाही.