'१०० टक्के प्लेसमेंट' हा दावा पेपरसारखा वाचला तर?

लिटरेचर सर्व्हेवरच्या लेखाचा दुसरा भाग आज टाकणार होते, तो पुढच्या आठवड्यात. आज एका ब्रोशरबद्दल लिहिते. गुळगुळीत कागदावरचं आठ पानी ब्रोशर आहे, पुण्यातल्या एका खाजगी आयटी ट्रेनिंग संस्थेचं. नाव देत नाही, कारण असंच ब्रोशर तुमच्याही व्हॉट्सॲपवर आलेलं असणार.

ते मला दाखवलं माझ्या एका ज्युनियरने. एमएस्सी केमिस्ट्री, नेट दोनदा थोडक्यात हुकली. दुसऱ्या निकालानंतर चारच दिवसांनी त्याला फोन आला, "सर, तुम्ही डेटा सायन्समध्ये इंटरेस्ट दाखवला होता." त्याने कुठेतरी फ्री वेबिनारचा फॉर्म भरला होता, बस. वडील एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झाले. फी १,२०,००० रुपये. "ताई, एकदा बघून सांग ना," म्हणाला. म्हणून मी त्याच्याबरोबर डेमो लेक्चरला गेले.

आधी चांगलं सांगते. शिकवणारा माणूस उत्तम होता. लिनियर रिग्रेशन त्याने चाळीस मिनिटांत इतकं स्वच्छ समजावलं की माझ्या एमएस्सीत तसं कोणी समजावलं नव्हतं. त्यामुळे 'हे सगळे क्लास म्हणजे फसवणूक' असं मी म्हणणार नाही. शिकवणं आणि विकणं ही तिथली दोन वेगळी खाती आहेत, आणि आपली गाठ पहिल्यांदा विकणाऱ्या खात्याशी पडते. त्या खात्यातल्या माणसाला 'करिअर काउन्सेलर' म्हणतात. त्याला महिन्याचं टार्गेट असतं. आपल्या करिअरचं नव्हे, ॲडमिशनचं.

आता ब्रोशर. पहिल्या पानावर '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'. हे शब्द नीट वाचा. शंभर टक्के हे मदतीला लावलंय, नोकरीला नाही. शंभर जणांना जॉब पोर्टलच्या लिंक पाठवल्या की वाक्य खरं ठरतं. तिसऱ्या पानावर मात्र 'पात्र विद्यार्थ्यांपैकी ७५ टक्के प्लेस्ड' असा आकडा होता, आणि 'पात्र' शब्दावर एक बारीक तारा. तारा कुठे उलगडतो ते शोधायला मला शेवटच्या पानापर्यंत जावं लागलं. हजेरी ८० टक्के, सगळी असाइनमेंट्स वेळेत, मॉक इंटरव्ह्यूमध्ये ७० टक्के गुण आणि आलेला एकही इंटरव्ह्यू न नाकारणं. इतकं केलं तर तुम्ही 'पात्र'.

केमिस्ट्रीवाल्यांना ही चाल ओळखीची वाटेल. समजा तुम्ही १०० ग्रॅम स्टार्टिंग मटेरियल घेतलं. त्यातलं ६० ग्रॅम तसंच परत मिळालं आणि ३० ग्रॅम हवा तो पदार्थ मिळाला (रेणुभार सारखाच धरू). यील्ड किती? ३० टक्के. पण काही पेपरांत परत मिळालेला माल वजा करून यील्ड काढतात, म्हणजे ४० वर ३०, अर्थात ७५ टक्के. हे खोटं नसतं. तसं मोजलंय हे शेजारी लिहायचं असतं, इतकंच. क्लासचं गणित तसंच मांडून बघा. समजा २०० जणांनी फी भरली, ८० जण 'पात्र' उरले, ६० जणांना नोकरी लागली. ब्रोशरमध्ये ७५ टक्के छापता येतात. फी भरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ३० टक्के. आणि फी तर सगळ्या २०० जणांनी भरलेली असते! या संस्थेचे खरे आकडे काय आहेत, हे ब्रोशर सांगतच नाही. छेद कुठेच छापलेला नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत लॅम्डा स्कूल नावाची कोडिंग शाळा होती, पुढे तिने ब्लूमटेक असं नाव घेतलं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सीएफपीबी या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने तिच्यावर कारवाई केली आणि ग्राहकांना कर्ज देण्यावर कायमची बंदी घातली. आदेशानुसार ही शाळा जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंट सांगत होती, आणि गुंतवणूकदारांना दिलेल्या आकड्यांत ते प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास, काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली होतं. त्याहून भारी गोष्ट म्हणजे संस्थापकाने एका बॅचची शंभर टक्के प्लेसमेंट झाल्याचं ट्वीट केलं होतं. नंतर खाजगी संदेशात त्यानेच कबूल केलं की त्या सॅम्पलमध्ये विद्यार्थी एकच होता. n = १. आपल्या ग्रुप मीटिंगमध्ये असा आलेख दाखवला असता तर सरांनी काय केलं असतं, कल्पना करा.

पुढे 'सरासरी पॅकेज'. दहा जणांपैकी नऊ जणांना ३.६ लाख आणि एकाला २४ लाख मिळाले, तर सरासरी येते ५.६४ लाख. त्या पगाराचा माणूस खोलीत एकही नाही. मध्यक ३.६ लाखच. २४ लाखवाल्याचा फोटो मुखपृष्ठावर, आणि तो आधीच चार वर्षं सॉफ्टवेअरमध्ये असलेला इंजिनिअर निघतो. म्हणजे इथे ब्लँक रिॲक्शनच केलेली नाही. उत्प्रेरक न घालता अभिक्रिया किती झाली असती, हे माहीत नसताना श्रेय मात्र उत्प्रेरकाला.

खरं सांगायचं तर आपल्याकडेही हे चालतं. विभागाच्या भिंतीवर परदेशी पोस्टडॉकला गेलेल्यांचे फोटो असतात. सहाव्या वर्षी पीएचडी सोडून गेलेल्याचा फोटो मी अजून कुठे पाहिलेला नाही. तेव्हा गाइड निवडतानाही हाच छेद विचारा. पण विद्यापीठ निदान रात्री साडेनऊला फोन करून 'आज बारापर्यंत सीट होल्ड करतो' म्हणत नाही.

पैशाकडे येऊ. ब्रोशरमध्ये 'नो कॉस्ट ईएमआय, फक्त १०,००० महिना, १२ महिने'. तिथेच शेजारी 'एकरकमी भरल्यास १५ टक्के सवलत'. या दोन ओळी एकत्र वाचा. रोख किंमत झाली १,०२,००० आणि हप्त्यांनी भरायचे १,२०,०००. वरचे १८,००० म्हणजे व्याजच. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरून दर काढला तर महिन्याला साधारण २.६ टक्के, वर्षाला ३१ टक्क्यांच्या आसपास. एक्सेलमध्ये आरएटीई हे फंक्शन वापरून स्वतः काढून बघा, दोन मिनिटं लागतात. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहिलेल्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं. शिवाय ब्रोशरमधली फी जीएसटीशिवाय होती. त्यावर १८ टक्के लावा.

याहून महत्त्वाचं म्हणजे हा हप्ता बऱ्याचदा क्लासला जात नाही. एक वित्त कंपनी क्लासला पैसे देऊन मोकळी होते आणि कर्जाचा करार तुमच्या नावावर राहतो. तुम्ही तिसऱ्या महिन्यात क्लास सोडलात तरी हप्ता थांबत नाही, थकला तर क्रेडिट स्कोअर तुमचाच घसरतो. ज्युनियरला हे कर्ज आहे, असं कोणी म्हटलंच नव्हतं. 'फक्त आधार-पॅन द्या, केवायसी आहे' एवढंच. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वार्षिक दरासकट सगळा खर्च सांगणारं मुख्य तथ्य पत्रक आधी द्यावं लागतं, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून बाहेर पडता येतं. ओटीपी सांगण्याआधी ते पत्रक मागा.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. क्लासचं सर्टिफिकेट आणि कंपनीचं सर्टिफिकेट वेगळं. एडब्ल्यूएसची असोसिएट पातळीची परीक्षा १५० डॉलरला आहे, सिस्कोची सीसीएनए ३०० डॉलरला. दोन्हींना कुठल्याही क्लासशिवाय बसता येतं. एनपीटीईएलचे आयआयटीवाल्यांचे कोर्स तर फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची असेल तर १,००० रुपये. मग क्लासला पैसे कशाचे? शिस्तीचे, शंका विचारता येण्याचे, सोबतीचे. याला किंमत आहेच. ती सव्वा लाख आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता माझं मत. फुगवलेला आकडा, फोटो, 'स्कॉलरशिप टेस्ट' (बारा सोपे प्रश्न, आणि सगळ्यांनाच ४० टक्के सवलत!) या सगळ्यांपेक्षा मला घाईचा डाव जास्त वाईट वाटतो. आकडा खोटा असला तरी तो तपासता येतो. घाई तपासायला वेळच देत नाही. आणि ही घाई नेमकी निकालानंतरच्या आठवड्यात केली जाते, जेव्हा आपल्याला स्वतःचं तोंड आरशात बघवत नसतं. काउन्सेलर ज्युनियरला म्हणाला, "अजून किती वर्षं घरच्यांवर भार टाकणार?" मी शेजारीच बसले होते. हे वाक्य स्क्रिप्टमधलं होतं की त्याचं स्वतःचं, कोण जाणे, पण ते बरोबर बसलं. पोराने लगेच पॅन कार्ड काढलं.

मी म्हटलं, मागच्या बॅचमध्ये प्रवेश किती, पूर्ण किती, नोकरी किती, कुठल्या पदावर, मध्यक पगार किती, एवढं ईमेलवर पाठवा, मग येतो. काउन्सेलर हसला. "मॅडम, हे कॉन्फिडेन्शिअल असतं." नावं गोपनीय असू शकतात. संख्या कशी गोपनीय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. यशाचे आणि नोकरीच्या हमीचे खोटे दावे, यशस्वी विद्यार्थ्यांचे संमतीशिवाय वापरलेले फोटो, 'जागा संपत आल्या' अशी खोटी घाई, या सगळ्याला त्यात मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेव्हा ब्रोशर फेकू नका, व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, आणि तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन 'हे मेलवर लिहून द्या' म्हणून मागा. न लिहिता जे दिलं जातं ते डेटा नाही.

ईमेल आजवर आलेला नाही. फोन मात्र येत राहिले. नऊ दिवसांत फी १,२०,००० वरून ८५,००० आणि मग ६०,००० वर आली, दर वेळी 'शेवटची सीट'. ज्युनियरने सध्या कर्वेनगरला एक छोटा एसक्यूएलचा क्लास लावलाय, फी दर महिन्याला भरायची, आवडलं नाही तर सोडायचं. नेटचा फॉर्मही भरलाय. दोन्हीपैकी काय जमेल ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. काल रात्री पुन्हा फोन आला होता म्हणे. या वेळी त्याने विचारलं, "सर, छेद किती?" पलीकडून उत्तर आलं, "हो हो, तो मॉड्यूल पण कव्हर होतो."