श्येन, ससाणा आणि पिल्लू

कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त (इ. स. ११२९) जे वीस राजविनोद वर्णिले आहेत, त्यांत श्येनविनोद तेरावा आहे. मराठीच्या अभ्यासकांस हा ग्रंथ परिचित आहे तो गीतविनोदातील जुन्या मराठीच्या अवशेषांमुळे. श्येनविनोदाचे स्थानही विचारार्ह आहे : कोंबडा, लावा, मेंढा, महिष यांच्या झुंजी आणि पारावतविनोद संपल्यावर सारमेय, श्येन, मत्स्य आणि मृगया असा क्रम लागतो. म्हणजे श्येन येथे शिकारीचा सहायक आहे. केवळ प्रेक्षणीय पक्षी नव्हे.

असा पाठ मराठीत आणताना 'श्येन' म्हणजे 'ससाणा' एवढे म्हणणे पुरेसे नाही. अमरकोशातील 'शशादन' या पर्यायाशी 'ससाणा' जुळतो, हे खरे. परंतु फारसी परंपरेतील बाजदारांनी या पक्ष्यांचे पिवळ्या डोळ्यांचे 'गुलाबचश्म' आणि काळ्या डोळ्यांचे 'सियाहचश्म' असे दोन वर्ग मानले. शिक्रा पहिल्या वर्गातला, बहिरी दुसऱ्या. मूलच्या साग-बांबूच्या दाट रानात आखूड पंखांचा शिक्रा झाडांमधून वळत जवळच्या भक्ष्यावर झेपावतो. उंचावरून सूर मारणाऱ्या बहिरीस मोकळे आकाश लागते. दोघांची शिकवण एक असू शकत नाही.

याहून गंभीर घोटाळा 'पिल्लू' या शब्दाने होतो. घरट्यातून काढून वाढविलेला पक्षी माणसालाच पालक समजतो, अन्नासाठी सतत ओरडतो. शिकार त्याला ठाऊक नसते. त्याच वर्षी जन्मलेला, परंतु स्वतः शिकार करू लागल्यावर जाळ्यात सापडलेला पक्षी शिकारीत तयार असतो आणि माणसाला भितो. पहिल्यास शिकार शिकवावयाची, दुसऱ्याचे भय घालवावयाचे. पिसाऱ्यावरून हा भेद ओळखता येत नाही : कोवळ्या शिक्र्याच्या छातीवर दोन्ही अवस्थांत उभ्या तपकिरी रेघाच असतात, आडवे पट्टे प्रौढपणी येतात. भेद आहे तो पक्ष्याच्या पूर्ववृत्तात, आणि 'पिल्लू' हा प्रतिशब्द नेमके तेच पुसून टाकतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे पक्षी धरून पाळणे निषिद्ध झाले, ते योग्यच. मात्र त्यामुळे अनुवादकास हाताच्या अनुभवाचा आधार उरलेला नाही. त्याने निदान 'घरट्यातला' आणि 'जाळ्यातला' हे साधे शब्द तरी वेगळे ठेवावेत.