एक चमचा ब्रास

नाटकाचे परीक्षण लिहितात, गाण्याच्या बैठकीचे लिहितात, हल्ली भेळेच्या गाडीचेही लिहितात. पण कुणाच्या घरातल्या छोट्या आगगाडीचे परीक्षण लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे या क्षेत्रातला पहिला टीकाकार होण्याची संधी माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या कारकुनाला मिळते आहे, ती मी सोडणार नाही. शिवाय टीका करायला लागणारी मुख्य पात्रता माझ्याकडे आहे: मला स्वतःला यातले काहीही करता येत नाही.

आधी भूगोल. माझे बिऱ्हाड दौंडला आणि बँक शिरूरला. दौंडला रेल्वे आहे, एवढेच म्हणणे म्हणजे पंढरपूरला देऊळ आहे म्हणण्यासारखे आहे. मनमाडचा फाटा इथूनच फुटतो. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचे इंजिन इथे काढून शेपटीला लावत, आणि झोपेतून उठलेला प्रवासी गाडी परत पुण्याला चालली की काय, म्हणून दचकत असे. कॉर्ड लाईन झाल्यापासून काही गाड्या हा उपचार टाळतात. उलट शिरूरला रेल्वे नाही. मात्र शिरूरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ती येणार आहे. थोडक्यात, माझी सकाळ रूळ असलेल्या गावात उगवते आणि दुपार रुळांची वाट पाहणाऱ्या गावात जाते.

आमच्या शेजारचे अण्णा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले. 2022 साली रेल्वेने गार्डाचे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केले, त्याआधीच ते सुटले. ‘मॅनेजर होता होता राहिलो,’ असे ते सांगतात. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे पळणारा मुलूख पाहिलेला हा माणूस. त्याने घरातल्या मागच्या खोलीत आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवुडवर एक मुलूख उभा केला आहे. कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात, जे 1998 साली सुरू झाले, नातवंडांना घेऊन गेले आणि परतले ते डोक्यात रूळ घालूनच. तिथली सर्कस, रोपवे, फ्लायओव्हर हे सगळे पाहून इतर आजोबा ‘वा’ म्हणतात आणि खाली येऊन वडापाव खातात. अण्णा खाली येऊन थेट प्लायवुडच्या दुकानात गेले.

आता तांत्रिक बाजू, कारण टीकाकाराने मधूनमधून आकडे फेकले नाहीत तर कुणी विचारत नाही. हे मॉडेल एकास सत्त्याऐंशी या प्रमाणाचे आहे. म्हणजे आठ फुटी फळी ही खऱ्या जगातली दोनशे बारा मीटर झाली. दौंडला चोवीस डब्यांची एक गाडी उभी राहिली तरी ती याच्या दुपटीहून लांब भरते. तेवढ्यात अण्णांनी एक जंक्शन, एक बाजारपेठ, एक देऊळ, एक नदी आणि एक कोळशाची खाण बसवली आहे. सरकारी वसाहतीत दोन खोल्यांत संसार केलेल्या माणसालाच हे जमते. विलायती रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज त्या प्रमाणात सव्वाएकोणीस भरते. म्हणजे अण्णांची दख्खन क्वीन पावणेतीन मिलिमीटरने तोल सांभाळत धावते. एवढी तफावत आमच्या कॅशमध्ये आली तर आम्ही रात्री नऊपर्यंत घरी जात नाही. पण कलेत चालते.

मुख्य विषय खाण. छोट्या आगगाडीच्या जगात खाण असतेच, हिंदी सिनेमात पोलीस जसा शेवटी येतोच तसा. त्याला कारण आहे. गोल फिरणाऱ्या गाडीला कुठेतरी जायचे निमित्त लागते, आणि नुसते गरगर फिरणे पाच मिनिटांत कंटाळवाणे होते. खाण असली की रिकामी वाघिणी जाते, भरलेली येते आणि नाटकाला कथानक मिळते. यात एक झकास युक्ती आहे. खाण आणि वीजघर ही डोंगराच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बांधायची आणि डोंगराच्या आतून दोघांना जोडणारे दोन रूळ टाकायचे. कोळशाने भरलेल्या वाघिणी वीजघरात ढकलल्या की त्या आतल्या आत खाणीतून बाहेर पडतात, भरलेल्याच. रिकाम्या खाणीत ढकलल्या की वीजघरातून बाहेर, रिकाम्याच. पाहणाऱ्याला वाटते, इकडे कोळसा भरला आणि तिकडे उतरवला. प्रत्यक्षात कोळशाचा एक कणही जागचा हललेला नसतो. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझे डोळे पाणावले. डेबिटला क्रेडिट, दिवसाअखेर फरक शून्य. इतके शुद्ध द्विनोंदी पद्धतीचे दर्शन मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत घडले नव्हते.

पण एक दृश्य म्हणून ही खाण फसली आहे, हे मला सांगितलेच पाहिजे. किट परदेशी, पुतण्याने आणलेले. विहिरीवरचा लाकडी मनोरा, वर दोन चाके, इथवर ठीक. पण छपरावर बर्फ! आजूबाजूला सूचिपर्णी झाडे! दौंडात मे महिन्यात पंख्याखाली बसलेल्या माणसाने पांढऱ्या छपराकडे पाहिले की त्याला थंडी वाजत नाही, राग येतो. डोंगर टोकदार, कारण चुरगळलेल्या चंदेरी कागदाच्या साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतले की तसाच खडक निघतो. आपला सह्याद्री तसा नाही. तो लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, आडव्या पायऱ्यांचा, बोरघाटातून गाडी जाताना खिडकीतून दिसतो तसा. आणि या काळ्या पाषाणात दगडी कोळसा मिळत नाही. कोळसा पाहिजे तर चंद्रपूर, वणी, बल्लारपूरकडे जायला हवे. पुणे जिल्ह्यात कोळशाची खाण दाखवणे म्हणजे कोकणात हुरडा पार्टी ठेवणे.

शिवाय ती फार स्वच्छ आहे. अमेरिकेत जॉन ॲलन म्हणून एक गृहस्थ या कलेतले मोठे बुवा होऊन गेले. त्यांनी आपल्या रेल्वेला असे नाव दिले होते, की भरभर उच्चारले तर ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ निघावा. गंज, धूळ, मोडके कुंपण यांनाही मॉडेलमध्ये जागा असते, हे त्यांनी जगाला पटवले. 1973 साली ते वारले आणि पुढच्या काही दिवसांतच घराला आग लागून ती बहुतेक सगळी रेल्वे जळाली. अण्णांच्या खाणीवर मात्र रोज फडके फिरते. काकूंच्या घरात जॉन ॲलन टिकला नसता.

एक गोष्ट कबूल करायला हवी: कोळसा अप्रतिम आहे. तो खराच आहे. रुळाकाठी सांडलेले दोन खडे खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीतून गाळले आहेत. कोळशाची गंमत अशी की तो कितीही बारीक केला तरी कोळशासारखाच दिसतो, तीच चमक, त्याच कडा. खलबत्ता आणि गाळणी या दोन्ही वस्तू पुढे काकूंनी अण्णांच्या खोलीत कायमच्या हस्तांतरित केल्या.

खरी कलाकृती फळीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आहे आणि तिच्याकडे पाहुणे पाहत नाहीत. तिथे भीमा आहे.

नातीने एकदा विचारले म्हणे, ‘अण्णा, आपल्याकडे खाण कुठे असते?’ आणि अण्णा विचारात पडले. कारण आपल्याकडे खाण असते. दौंड-शिरूरकडची खाण म्हणजे नदी. भीमा, घोड, त्यांचे पात्र. मनोरा नाही, चाके नाहीत, कंदील घेतलेला खाणकामगार नाही; पिंपांवर तरंगणारी बोट, तिच्यावर इंजिन, पाण्यात सोडलेला पाइप, काठावर ढीग आणि रात्री ओळीने उभे ट्रक. कायद्याच्या पुस्तकात वाळू हे गौण खनिज आहे. गौण म्हणजे काय, ते तलाठ्याला विचारा.

पण वाळूचे मॉडेल वाळूने करता येत नाही. एक मिलिमीटरचा कण या प्रमाणात पावणेनऊ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे चांगला बटाट्याएवढा. खऱ्या भीमेची वाळू टाकली तेव्हा नदीकाठी बटाट्याचा लिलाव मांडल्यासारखे दिसू लागले. रवा झाला, कणीक झाली. कणकेत आठ दिवसांत पोरकिडे झाले, आणि त्या प्रमाणात पोरकिडा म्हणजे मांजराएवढा. शेवटी खडी क्रशरवरची धूळ मलमलीतून गाळून वापरली. निर्मात्याचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो. खरी वाळू उपसणाऱ्याला तो लागत नाही.

बोट साबणाच्या डबीची, पाइप सलाइनच्या नळीचा, पाणी व्हार्निशचे सहा हात. झाडे सूचिपर्णी नाहीत, वेडी बाभूळ आहे, आणि वेडी बाभूळ म्हणून लावलेल्या काड्याही वेड्या बाभळीच्याच आहेत. ट्रकच्या नंबरप्लेटवर चिखल आहे. मला वाटले, एवढा बारीक नंबर रंगवायचा कंटाळा केला असेल. अण्णा म्हणाले, ‘कंटाळा नाही हो, ते प्रमाणबद्धच आहे.’ एक ट्रॅक्टरमालक हे पाहायला आले होते. चहा न घेता गेले.

मी बँकवाला असल्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवले नाही. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तिन्ही बाजूंनी सत्त्याऐंशीने भागले तर उरतात साडेचार सीसीला थोडे कमी. म्हणजे एक चमचा, चहाचा, सपाट. ट्रकमध्ये दोन-तीन चमचे वाळू. 2023 साली सरकारने सहाशे रुपये ब्रासने डेपोवर वाळू देण्याचे धोरण जाहीर केले, आणि 2025 साली तेही बदलून पुन्हा लिलावाकडे वळले, जोडीला दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन. अण्णांच्या भीमेत एकूण किती चमचे आहेत, ते मी मोजून घेतले: एकशे चाळीस. ‘रोज दहा ट्रक भरले तर पाच-सात दिवस,’ मी म्हणालो. अण्णा काही बोलले नाहीत.

मग मी टीकाकाराच्या नात्याने मुद्दा काढला की इकडच्या खाणीलाही तिकडच्यासारखी मागून जोडणारी लाईन का नाही? ट्रक भरून शहराकडे गेला की आतल्या आत फिरून भरलेलाच नदीवर परत यावा. अण्णा माझ्याकडे, मी चुकीच्या गाडीत चढलो असल्यासारखे बघू लागले. ‘तुम्ही बँकवाले फार हुशार,’ ते म्हणाले, ‘मागून लाईन असती तर मी कशाला ही नदी केली असती? वाळू पुरात वरून येते. वर धरणं आहेत, ती तिथेच अडते. इथून गेलेला चमचा परत येत नाही. म्हणून इथे रोज थोडी थोडी कमी करतो.’

तेव्हा मला कळले की दर खेपेला पात्र थोडे खोल का दिसते. ते काडेपेटीच्या काडीने खरवडतात.

त्या नदीवर पूल आहे. कुठला, ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पुलाचे खांब काळपट, शेवाळ धरलेले, आणि अगदी तळाशी सेंटिमीटरभर फिकट पट्टा. मला तो रंगकामातला दोष वाटला, आणि इतक्या वेळ कौतुक केल्यावर एखादा दोष सापडला की टीकाकाराला बरे वाटते. मी चष्मा पुसून वाकलो. तो दोष नव्हता. पट्टा सगळ्या खांबांना एका पातळीत होता. सेंटिमीटरभर म्हणजे तीन फूट. बांधल्यापासून वाळूत गाडलेला तेवढा दगड आता उघडा पडला होता, आणि त्याला अजून शेवाळ धरायला वेळ मिळाला नव्हता. शेवटच्या डब्यातून तीस वर्षे मागे बघणाऱ्यालाच ही गोष्ट दिसणार. गाडी पुलावरून जाते तेव्हा अण्णा रेग्युलेटर कमी करतात. बाकी सगळीकडे भरधाव.

एक सूचना मी केली: खोलीतला दिवा घालवून पाहावे, कारण हा व्यवसाय उजेडातला नाही. ती त्यांनी तात्काळ मान्य केली. दिवा घालवल्यावर जंक्शन, बाजारपेठ, देऊळ सगळे काळोखात जाते आणि नदीत फक्त ट्रकचे दोन-दोन दिवे उरतात, गव्हाच्या दाण्याएवढे. नात विचारते, ‘पोलीस कुठेत?’ अण्णा सांगतात, ‘ऑर्डर दिली आहे.’ तहसीलदारांची जीपसुद्धा आहे, पण ती अजून डब्यात आहे, चाके बसवायची राहिलीत.

दुसरी सूचना बर्फाची होती. तो खरवडून काढावा आणि तिथे थोडी धूळ टाकावी. त्यावर काकू आतून म्हणाल्या, ‘राहू द्या हो, तेवढंच एक गार दिसतं घरात.’ म्हणून तो तूर्त आहे.