प्रयोग कोणाचा? शिकागोच्या पाच वादकांविषयी

प्रयोगशीलता ही आपलीच मिरासदारी आहे, अशा समजुतीत आपल्याकडील प्रस्थापित समीक्षा वावरत आली आहे. दलित कलावंताने अनुभव द्यावा, आक्रोश करावा. रूपाचे प्रयोग इतरांनी करावेत, अशी ही अलिखित वाटणी. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांच्या वाट्यालाही ती आली. त्यांनी ब्लूज गावेत, लोकांना नाचवावे. अमूर्त काही रचले की ती युरोपच्या नवसंगीताची उसनवारी ठरावी! 'आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो' या जाझ संचाने ही वाटणी मोडीत काढली. ती कशी, हे समजण्यासाठी त्याचे पाच वादक कोठून आले ते पाहिले पाहिजे.

बासवादक मलाकाय फेवर्स (१९२७–२००४) हा मिसिसिपीत जन्मलेला, धर्मोपदेशकाचा मुलगा. ट्रम्पेटवादक लेस्टर बोवी (१९४१–१९९९) याचे वडील शाळेत बँड शिकवीत. तो स्वतः तंबूतल्या खेळांतून आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या फिरत्या बँडांतून वाजवीत आला. जोसेफ जार्मन (१९३७–२०१९) शिकागोच्या ड्यूसेबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायेट यांच्याकडे ड्रम शिकला आणि लष्करी बँडमध्ये सॅक्सोफोनकडे वळला. कविता आणि नाट्य हीही त्याची क्षेत्रे. सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल (जन्म १९४०) जर्मनीत अमेरिकन लष्कराच्या बँडमध्ये होता. तेथेच त्याने आल्बर्ट आयलरला ऐकले. डॉन मोये (जन्म १९४६) डेट्रॉइटच्या विद्यापीठात तालवाद्ये शिकून १९७० साली पॅरिसमध्ये या चौघांना मिळाला.

चर्च, वस्तीतली शाळा, लष्कर, तंबू. कष्टकरी समाजाला उपलब्ध असलेल्या याच पाठशाळा होत. त्यांना एकत्र आणले ते संघटनेने. १९६५ साली शिकागोच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय वादकांनी स्वतःची संस्था काढली. आपल्या रचना आपण वाजवायच्या, मैफली आपण भरवायच्या, वस्तीतील मुलांना विनामूल्य शिकवायचे, हा तिचा कार्यक्रम. आधी मिचेलच्या नावाने चालणारा संच १९६९ मध्ये पॅरिसला गेला, आणि तेथे एका नायकाचे नाव जाऊन सामूहिक नाव आले.

त्याच वर्षीच्या 'पीपल इन सॉरो' या सुमारे चाळीस मिनिटांच्या रचनेत घंटा, शिट्ट्या, लहानसहान वाद्ये आणि दीर्घ शांतता यांतून एक शोकाकुल सूर सावकाश वर येतो. 'अ जॅक्सन इन युअर हाउस'मध्ये कवायतीची चाल आणि जुने जाझ यांची खट्याळ मोडतोड आहे. हे निव्वळ बुद्धीचे खेळ नव्हेत. जगलेले सगळे संगीत एकाच मंचावर, उच्चनीचतेविना उभे करणे हाच येथे प्रयोग आहे. परंपरा तोडल्याशिवाय प्रयोग होत नाही, हा आपल्याकडचा समज येथे कोलमडतो.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. फेवर्स, जार्मन आणि मोये चेहरे रंगवून, आफ्रिकी वेषात मंचावर येत. 'ग्रेट ब्लॅक म्युझिक: एन्शंट टू द फ्यूचर' हे त्यांचे घोषवाक्य. त्यांचा प्राचीन वारसा गुलामगिरीने हिरावून घेतला होता; तो परत मिळवणे हा विद्रोहच. आपले तसे नाही. हलगी आपल्याकडून कोणी हिरावली नव्हती, ती जातीचे काम म्हणून गळ्यात अडकवली होती. म्हणून १९५६ नंतर अनेकांनी गावकीचे वाजवणे नाकारले, आणि तो नकार योग्यच होता. 'मुळांकडे चला' हा उपदेश आज आपल्याला कोणी करील, तर तो तपासूनच घ्यावा लागेल.

तेव्हा या पाचांकडून रंगवलेले चेहरे उचलण्याचे कारण नाही. बोवी त्याच मंचावर प्रयोगशाळेतला पांढरा कोट घाली आणि मिचेल साध्या कपड्यांत उभा राही. आपण कसे दिसावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. जार्मन पुढे बौद्ध धर्मगुरू झाला, तोही स्वतःच्या निवडीने. घ्यायचे ते हे स्वातंत्र्य आणि त्याला आधार देणारी संघटना. हलगी हाती घ्यायची की पियानो, हे आपला कलावंत ठरवील. त्याच्या हातात काय शोभते, हे सांगण्याचा अधिकार समीक्षेला नाही.