सावलीविना सूर्य : हारून फारोकी यांच्या ‘सीरियस गेम्स’ची समीक्षा

प्रस्तावना :
व्हिडिओ गेम हे आज केवळ करमणुकीचे साधन राहिलेले नाही. अमेरिकेच्या मरीन दलाने १९९० च्या दशकातच ‘डूम २’ या खेळात बदल करून तो चार सैनिकांच्या तुकडीच्या सरावासाठी वापरला. पुढे २००२ मध्ये अमेरिकी लष्कराने ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ भरतीच्या प्रचारासाठी विनामूल्य खुला केला. तो २०२२ मध्ये बंद झाला. युद्ध आणि खेळ यांच्या या नात्याचा वेध जर्मन चित्रपटकार हारून फारोकी (१९४४-२०१४) यांनी ‘सीरियस गेम्स’ (२००९-१०) या चार भागांच्या दृक्-श्राव्य मांडणशिल्पात घेतला आहे.

आशय व मांडणी :
पहिला भाग कॅलिफोर्नियातील ट्वेंटीनाइन पाम्स येथील मरीन तळावर चित्रित झाला आहे. वर्गात संगणकासमोर बसलेले तरुण सैनिक पडद्यावरील रणगाडा चालवतात. वॉटसन पडद्यावर मारला जातो; वर्गातील वॉटसन मात्र सुखरूप असतो. दुसऱ्या भागात त्याच तळावर उभारलेल्या कृत्रिम गावातील सराव दिसतो. तेथे अफगाण व इराकी नागरिकांच्या भूमिका माणसे वठवतात आणि प्रत्यक्ष गावच संगणकचित्रावरून बेतल्यासारखे भासते. तिसऱ्या भागात युद्धाच्या आघाताने मानसिक विकार जडलेल्या सैनिकांसाठीची आभासी उपचारपद्धती येते. आपल्या सहकाऱ्याच्या मृत्यूची आठवण सांगताना एक जण कोलमडतो. तो रुग्णाची भूमिका करत होता, हे प्रेक्षकाला शेवटी कळते. चौथ्या भागात फारोकी एका बारीक फरकावर बोट ठेवतात : प्रशिक्षणाच्या प्रणालीत वस्तूंना सावल्या आहेत, उपचाराच्या, तुलनेने स्वस्त प्रणालीत त्या नाहीत.

मूल्यमापन :
खेळामुळे तरुण हिंसक होतात, असा सोपा निष्कर्ष फारोकी काढत नाहीत. युद्धापूर्वी आणि युद्धानंतर सैनिकासमोर एकाच जातीची प्रतिमा ठेवली जाते, हे ते दाखवतात. पहिली त्याला कृती शिकवते, दुसरी त्या कृतीच्या स्मृतीशी झुंजायला लावते. सरावात चूक झाली तर डाव पुन्हा मांडता येतो. स्मृतीच्या बाबतीत तशी सोय नाही. सावलीचा तपशील म्हणूनच केवळ तांत्रिक उरत नाही. लढण्याच्या तयारीवर किती खर्च करावा आणि लढून परतलेल्याच्या शुश्रूषेवर किती, याविषयीची व्यवस्थेची प्राधान्ये त्यातून उघड होतात.

तथापि या कलाकृतीची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. ज्यांची गावे या प्रणालींत उतरवली गेली, ते अफगाण व इराकी लोक येथे लक्ष्य म्हणून किंवा नटांच्या रूपानेच येतात. ही अनुपस्थिती मुळात प्रशिक्षणव्यवस्थेची आहे आणि फारोकी ती प्रामाणिकपणे टिपतात, असे समर्थन करता येईल. परंतु चौथ्या भागात सावलीकडे लक्ष वेधणारा कलावंत या दुसऱ्या अभावाकडेही तितक्याच स्पष्टपणे निर्देश करू शकला असता. त्यामुळे जखम अखेर सैनिकाचीच ठरते.

समारोप :
या मर्यादेसह ‘सीरियस गेम्स’ ही युद्धप्रतिमांच्या अभ्यासातील मोलाची कृती ठरते. सरावाची प्रतिमा कोणासाठी घडवली आणि तिच्यातून कोणाला वगळले, हे तपासण्याची दृष्टी ती अभ्यासकाला देते. लष्करी प्रशिक्षणात आभासी साधनांचा वापर जगभर वाढत असताना ही दृष्टी अधिकच आवश्यक झाली आहे.